राजूर घाटापर्यंतची टकटक

आमच्या गाडीच्या पोटाखालून येणारा आवाज कशाचा आहे, हे शोधायला चार माणसांना पाच आठवडे लागले. पाचवा माणूस मी. मला ते तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं.

एवढं लिहायला मला वर्ष लागलं. घरात, शाळेत, गल्लीत मी स्वतःविषयी कमी बोलणारा म्हणून ओळखला जातो. त्यातलं किती मितभाषीपण आणि किती लपवाछपवी, हे कोणी कधी तपासून पाहिलं नाही, म्हणून आजवर निभावलं. आता सांगून टाकतो.

मी राहतो बुलढाण्यात आणि विज्ञान शिकवतो राजूर घाटाखाली, मोताळ्याच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत. शाळेच्या विज्ञान मंडळाचा अध्यक्षही मीच. दर गॅदरिंगला अंधश्रद्धेवर माझं पाऊण तासाचं भाषण असतं. (ते अर्ध्या तासाचंच ठरलेलं असतं.) शाळेचे सचिव म्हणजे माझ्या बायकोचे, मंगलाचे, सख्खे मामा. सगळे त्यांना बापूमामा म्हणतात. मला नोकरी कशी लागली हे विचारू नका. तो वेगळा कबुलीजबाब आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मामांनी ड्रायव्हिंग सोडलं, तेव्हापासून ते आठवड्यातून तीन-चारदा माझ्याच गाडीतून शाळेत येतात.

तर गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांत माझ्या गाडीचं तीनदा पंक्चर झालं, कापसाच्या ट्रॅक्टरनं आरसा नेला, आणि घाटातल्या तिसऱ्या वळणावर समोरून आलेल्या ट्रकनं मला जन्मापासूनचं सगळं आठवायला लावलं. आई म्हणाली, "सुधाकर, गाडीले नाल लाव घोड्याची. नजर लागली हाय."

मी तिला संभाव्यता समजावून सांगितली. नाण्याचं उदाहरण दिलं. सलग तीनदा छापा पडला म्हणून नाण्याला नजर लागत नाही, असं म्हणालो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाणं घाटात चालत नाई बाप्पा."

त्यानंतरच्या आठवड्यात नांदुऱ्याच्या बाजारात जुनं लोखंड विकणाऱ्या एका माणसापुढे मी उभा होतो.

"नाल आहे का? प्रयोगशाळेसाठी पाहिजे. चुंबकाचे प्रयोग असतात."

"हाव सर," तो ढिगात हात घालत म्हणाला. "सकाळी एक डॉक्टर घेऊन गेले. त्यांचेबी प्रयोगच होते."

लोक नाल समोर, दिसेल अशी लावतात. मला ती कोणालाच दिसायला नको होती, नजरेलासुद्धा नाही. शाळेत फळे रंगवून उरलेला काळा रंग होता, तो तिला दोन हात दिला. मग एका दुपारी घरी कोणी नसताना गाडीखाली शिरलो आणि बरोबर मध्यभागी, सायलेन्सरच्या लांब पाइपाच्या वरच्या अंगाला, एका पट्टीला ती बांधली. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घेतली होती. चांगली ताणून दोन गाठी मारल्या. बाहेर आलो, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी आठवीला वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवला.

महिनाभर काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही. एक पंक्चर नाही, एक ओरखडा नाही. हे मी कोणाला बोललो नाही, पण मोजत होतो.

मग थंडी पडली. आमच्या बुलढाण्याची थंडी म्हणजे डोंगरावरची थंडी. पहाटे गाडीच्या काचेवर कापडानं पुसून भागत नाही इतकं दव असतं, आणि मान वळवायची तर आधी खांद्यांची परवानगी घ्यावी लागते. अशाच एका सकाळी मामांना घेऊन निघालो आणि खालून आवाज आला. टक-टक. थोडं थांबून पुन्हा टक-टक.

"जवाई, काय वाजून राह्यलं?" मामा म्हणाले.

"थंडीनं काहीतरी आखडलं असेल."

घाटाच्या तिसऱ्या वळणावर आवाज बारीक झाला आणि घाट उतरेपर्यंत बंद पडला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. घरून निघताना टकटक, घाटाखाली शांतता.

हा माणूस आता कथेत येतो, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. मोताळ्याचे युसूफभाई मिस्तरी. अकरा वर्षं माझी गाडी त्यांच्या हाताखाली आहे. पण हल्ली नव्या गाड्या मोठ्या शहरांतल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरला जातात, आणि युसूफभाईंच्या गॅरेजसमोर दिवसदिवस फक्त ऊन उभं असतं. गॅरेज बंद करून भिवंडीला भावाकडे जायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मला ते सहन झालं नाही. शाळेच्या दोन बसांची देखभाल त्यांना द्यावी म्हणून मीच मामांच्या मागे लागलो होतो. एवढं एक चांगलं काम मी त्या वर्षी केलं, आणि मग तेच पाडायला निघालो.

कारण मामा म्हणाले, "जवाई, ज्याले तुमच्या गाडीची टकटक सापडत नाई, त्याच्या हाती मी दीडशे लेकरांच्या बसा कशा देऊ? पयले हा आवाज काढा म्हणा. मंग पाहू."

मी गाडी युसूफभाईंकडे नेली. घाट उतरून, म्हणजे अर्थातच मुकी झालेली गाडी नेली. त्यांनी ती पुढे नेली, मागे नेली, खड्ड्यातून नेली. काही नाही.

"सर, ही तं डॉक्टर आला का ताप उतरवून बसते."

"सकाळी खूप वाजते हो."

"तुम्ही म्हणता तं वाजतच असंन." एवढं म्हणून त्यांनी जॅक लावला, पुढची चाकं काढली आणि थंडीनं रबर कडक होतं म्हणून सांध्यांतले सगळे रबरी बुश बदलले. (थंडीनं रबराचं काहीतरी होतं, इथपर्यंत ते पहिल्याच दिवशी पोचले होते. फक्त कोणतं रबर, ते सांगायला मी तोंड उघडलं नाही. त्या वेळी मला खरंच माहीत नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.) गाडीच्या खालीही त्यांनी पाहिलं, पण तिथे चिखल वाळून बसलेला, त्यात काळ्यावर काळं. फळ्याचा रंग उत्तम निघाला.

दुसऱ्या सकाळी टकटक होतीच. त्यांनी शॉकअप उतरवून पाहिले. टकटक होतीच. सायलेन्सरच्या रबरी कड्या नव्या टाकल्या. टकटक जरा वाढली.

घरात आता सगळेच मिस्तरी झाले होते. मंगलाचं म्हणणं, मी गाडीत काहीतरी विसरलो आहे. तिनं एका रविवारी पूर्ण गाडी उपसली. तीत डब्याची दोन झाकणं, एक छत्री आणि आदल्या वर्षीच्या घटक चाचणीचे सव्वीस पेपर निघाले, जे मी 'तपासून झाले' म्हणून सांगितलं होतं. आवाजाचा त्यांच्याशी संबंध नव्हता, पण दुपार त्यातच गेली.

शेवटी मामांनी सुचवलं, की सगळ्यांनी बसून एकदाच नीट ऐकू. सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. मी चालवायला, मामा माझ्या शेजारी, मागे मंगला आणि शालीत गुंडाळलेली आई. रेडिओ बंद, काचा बंद, बोलणं बंद.

टक-टक.

"माह्या पायाखाली हाय," मामा म्हणाले. "डावं चाक."

"नाही हो मामा, मागून येतो," मंगला म्हणाली. "अगदी माझ्या खालून."

"तुह्या खालून कसा येईन? मले इथं पायाले जाणवून राह्यलं."

"मग माझ्या पाठीला काय जाणवतं ते?"

दोघंही बरोबर होते, हे मला पुढे कळलं. वस्तू मध्यभागी होती, म्हणून ज्याला त्याला ती आपल्याच खाली वाटत होती. मी स्टिअरिंग धरून रस्त्याकडे पाहत होतो. मग आईनं शालीतून तोंड बाहेर काढलं.

"मले तं घोडं चालल्यावानी वाटून राह्यलं."

"आई, गाडीखाली घोडा कसा असेल?"

"मी कुठं म्हटलं, घोडा हाय? चालल्यावानी, म्हटलं."

त्या आठवड्यात नववीला मी एक प्रयोग दाखवत होतो. दरवर्षी दाखवतो. रबराची पट्टी टांगायची, तिला वजन लावून ताणायची आणि खालून दिवा धरायचा. लोखंड तापलं की लांबतं. ताणलेलं रबर तापलं की उलट आखडतं आणि वजन वर उचलतं. मुलांना याची गंमत वाटते. मी फळ्यावर लिहिलं, 'तापल्यावर: आखडते.' खाली लिहिलं, 'थंड झाल्यावर:' आणि पुढचा शब्द लिहायला खडू टेकवला, तो तिथेच राहिला.

थंड झाल्यावर सैल पडते. घरून निघताना ट्यूब सैल, नाल पाइपावर टकटक आपटते. दहा-बारा किलोमीटरमध्ये पाइप तापतो, ट्यूब आखडते, नाल घट्ट धरली जाते. घाटाखाली शांतता. इतका स्वच्छ, इतका यशस्वी प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता.

आता कोणताही शहाणा माणूस काय करेल? घरी जाईल, गाडीखाली शिरेल, पट्टी कापेल. मीही गेलो. रविवारची दुपार होती. कात्री घेऊन पोत्यावर आडवा झालो. आई ओट्यावर उन्हात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती.

"काय शोधून राह्यला रे?"

"आवाज."

"भेटला?"

मी गाठ हातात धरली होती. कात्री तिला लावली होती. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, की सात आठवडे झाले, एकसुद्धा पंक्चर नाही. उद्या सकाळी पुन्हा घाट आहे. तिसरं वळण आहे. ट्रक आहेत.

"नाही भेटला," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

माझी खरी चूक ही. नाल बांधणं हा वेडेपणा होता. घाबरलेला माणूस करतो. पण त्या रविवारपासून पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी ती टकटक ऐकत, तिचं नाव-गाव-शास्त्र माहीत असताना, मामांना म्हणत होतो, "कळत नाही बुवा." आणि युसूफभाई माझी गाडी चौथ्यांदा खोलून मलाच सॉरी म्हणत होते. "सर, तुम्ही मले इतक्या विश्वासानं पुढं केलं, अन् माझा हात कुठं कमी पडून राह्यला, समजत नाई." मी त्यांना चहा पाजला. माझ्या हातून तेवढंच झालं.

पाचव्या आठवड्यात मामांनी सांगून टाकलं, "शनिवारी बसांचं नक्की करतो. आवाज राह्यला तं दुसरा मिस्तरी पाहू."

मी हे युसूफभाईंना कळवलं. ते म्हणाले, "गाडी खाली येऊन गप होते ना? मंग मीच वरतं येतो."

आणि शनिवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनं, माकडटोपी, मफलर आणि वरून घोंगडी अशा अवतारात, ते आमच्या दारात उभे राहिले. वयानं साठीला टेकलेला माणूस, माझ्या गाडीची टकटक ऐकायला थंडीत घाट चढून आला होता. मामाही आले होते. आई, मंगला ओट्यावर.

"सर, हळूहळू चालवा," ते म्हणाले.

मी गल्लीतून गाडी चालवू लागलो आणि ते वाकून, कान गाडीला लावल्यासारखे, शेजारून चालू लागले. शेजारची दोन घरं उघडली. लोकांना वाटलं, काहीतरी विधी आहे. टक-टक. युसूफभाईंचा चेहरा असा उजळला, जसा हरवलेला माणूस गर्दीत दिसावा.

"थांबा! बस, थांबा." त्यांनी पोतं पसरलं, लांब पेचकस घेतला, त्याचं एक टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावत आत सरकले. आता फक्त त्यांचे बूट बाहेर होते. मी त्या बुटांकडे पाहत होतो.

बूट थोडे हलले. मग हलायचे थांबले. बराच वेळ थांबले.

कट् असा ट्यूब कापल्याचा आवाज मला ऐकू आला. इतर कोणाला तो कळला नसावा. युसूफभाई बाहेर आले तेव्हा त्यांचा एक हात घोंगडीच्या आत होता. त्यांनी आधी मामांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. याच माणसाच्या गॅरेजच्या दारातली लिंबू-मिरची मी एकदा अंधश्रद्धा म्हणून काढायला लावली होती, तीही चार माणसांत. तरी त्या नजरेत हसू नव्हतं, राग नव्हता. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर थांबवून पेशंटकडे पाहतो, तशी ती नजर होती.

"काय निघालं?" मामांनी विचारलं.

"काही नाई मामासाहेब. सायलेन्सरची एक पट्टी ढिली होती. मागच्या वेळी माझ्याच हातून कसायची राहून गेली. गलती माझी."

"म्हंजे तुमचीच चूक."

"हाव."

मामांनी मान हलवली. "मंग बसांचं राहू द्या युसूफभाई. लेकरायचा मामला हाय. वाईट वाटून घेऊ नका."

"नाई, नाई. बरोबर हाय तुमचं."

मी काय केलं? मी गप्प बसलो. आईनं चहा आणला. मी कप युसूफभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला, कारण उजवा अजून घोंगडीत होता.

आम्ही तिघं निघालो. मामा पुढे, युसूफभाई मागे. आणि गाडी इतकी शांत चालत होती की काय सांगू. ज्या शांततेसाठी पाच आठवडे घातले ती आता मिळाली होती, आणि मला ती मिनिटभर सोसवत नव्हती. टकटक होती तेव्हा निदान तिच्याआड लपता तरी येत होतं.

"किती सुरेख चालून राह्यली," मामा म्हणाले.

घाट सुरू झाला. पहिलं वळण. दुसरं वळण. तिथे रस्ता थोडा रुंद आहे. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"काऊन थांबले?"

"मामा, पट्टी वगैरे काही नव्हती. नाल होती."

"सर, राहू द्या ना," मागून युसूफभाई हळूच म्हणाले.

"कशाची नाल?"

"घोड्याची."

"गाडीले?"

"हो. मी बांधली होती. दोन आठवडे मला माहीत होतं, तीच वाजते म्हणून."

मामा सीटवरच पूर्ण माझ्याकडे वळले.

"विज्ञान मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच ना?"

"मीच."

"अन् ते गॅदरिंगचं भाषण?"

"तेही माझंच."

"पाऊण तास," मामा स्वतःशीच म्हणाले. मग मागे वळले. "अन् तुम्ही काऊन खोटं बोलले हो? तुमच्या बसा गेल्या असत्या."

युसूफभाईंनी घोंगडीतून नाल काढून मांडीवर ठेवली. "मामासाहेब, माझी गलती मी दुसऱ्या दिवशी नीट करून दाखवली असती. मिस्तऱ्याचं तेच काम हाय. सरांची गलती शाळाभर झाली असती, तं ते बिचारे ती कुठं खोलून नीट करणार?"

मी काच खाली केली, म्हणजे डोळ्यांतलं पाणी थंडीनं आलं असं म्हणता येतं.

"सोमवारी दोन्ही बसा घेऊन जा," मामा म्हणाले. "जो दुसऱ्याचं असं स्वतःवर घेते, तो ब्रेकच्या बाबतीत खोटं नाई बोलणार." मग माझ्याकडे वळून, "अन् जवाई, पुढच्या गॅदरिंगले भाषण तुमचंच. विषय तोच. फक्त ह्या वेळी मी पुढं बसून ऐकणार."

संध्याकाळी घरी आई आणि मंगलासमोर सगळं सांगितलं. मंगला पंधरा मिनिटं हसली आणि मग महिनाभर अधूनमधून हसली. आई हसली नाही. तिला वाईट वाटलं होतं.

"मले सांगायचं होतं ना रे. मी तारेनं बांधून देली असती. रबरानं कोणी बांधते काय?"

सोमवारी शाळा सुटल्यावर मी मोताळ्याला गेलो. गॅरेजसमोर आमच्या शाळेच्या दोन पिवळ्या बसा उभ्या होत्या, आणि ऊन त्यांच्या मागे कुठेतरी गेलं होतं. मी युसूफभाईंचे हात धरले. इतकी वर्षं न बोललेलं बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो. 'तुम्ही माझी अब्रू...' इथपर्यंत आलो असेन.

"ते नंतर, सर," ते म्हणाले. त्यांनी पहिल्या बसखाली पोतं अंथरलं, नीट झटकून सारखं केलं आणि पाहुण्याला पाट दाखवावा तसा हात पुढे केला. "पयले तुम्ही खाली जाऊन या. तुमच्या ओळखीचं काही असंन तं आत्ताच सांगून द्या. मंग मी जॅक लावतो."

मी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि आत सरकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या ज्ञानाची इतकी नेमकी जागा दुसऱ्या कोणीही ओळखली नव्हती.